साखरेची धूळ, गंधकाची भुकटी आणि प्रयोगशाळेचा कागद



साखर पेट घेते, इतकेच नव्हे तर फुटते, असे कोणी म्हटले तर आपल्या साखरगृहात हशा पिकेल. "साखरच ती, तिला काय होतंय?" हे वाक्य आम्ही हंगामात अनेकदा ऐकतो. पोत्यातल्या साखरेला खरोखरच काही होत नाही. परंतु तीच साखर एलेव्हेटरच्या बादल्यांत, ग्रेडरच्या चाळण्यांवर आणि हॉपरच्या तोंडाशी घासून घासून तिची पिठासारखी धूळ होते, ती हवेत तरंगते, तुळयांवर बसते. त्या धुळीची जात पोत्यातल्या साखरेपेक्षा निराळी. ही गोष्ट नजरेने कळत नाही, चवीने तर मुळीच नाही. ती कळते प्रयोगशाळेत. आणि आमचे म्हणणे असे आहे की, हा प्रयोगशाळेतला कागद जोवर झाडू मारणाऱ्या माणसापर्यंत पोहोचत नाही तोवर तो असून नसल्यासारखा आहे.

उदाहरण अमेरिकेचे आहे, पण धंदा आपलाच आहे म्हणून सविस्तर सांगतो. जॉर्जिया राज्यातील पोर्ट वेंटवर्थ येथे १९१७ पासून चाललेला साखर शुद्धीकरणाचा मोठा कारखाना होता. ७ फेब्रुवारी २००८ रोजी संध्याकाळी तो स्फोटाने उद्ध्वस्त झाला. १४ कामगार मरण पावले, ३६ जण गंभीर भाजले वा जखमी झाले. बॉम्ब नव्हता, गॅसची टाकी नव्हती. होती ती साखरेची धूळ. तेथील केमिकल सेफ्टी बोर्डाने चौकशी करून २००९ साली अहवाल दिला. त्यातली मुख्य गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. साखरेच्या उंच कोठ्यांखालून माल वाहून नेणारा एक पट्टा होता. तो वर्षानुवर्षे उघडाच चालत असे. साखरेत घाण पडू नये या सद्हेतूने २००७ साली त्याच्यावर पोलादी पत्र्याचे झाकण बसवले. माल स्वच्छ राहू लागला खरा. पण पूर्वी जी धूळ मोकळ्या हवेत पांगत होती ती झाकणाच्या आत कोंडू लागली. धूळ ओढून घेण्याची सोय केली नाही, दाब बाहेर सुटायला झडपा ठेवल्या नाहीत. वर्ष दीड वर्षाच्या आत एखादे बेअरिंग तापले असावे, असा बोर्डाचा अंदाज, आणि कोंडलेली धूळ पेटली.

पण तेवढ्याने चौदा माणसे गेली नसती. पहिल्या दणक्याने इमारतभर तुळयांवर, पाइपांवर, जमिनीवर साचलेली धूळ उडाली आणि ती पेटत गेली. एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. म्हणजे माणसे मारली ती यंत्राने नव्हे, न झाडलेल्या धुळीने. आणखी एक. साखरेची धूळ स्फोटक आहे हे त्या कारखान्याच्या व्यवस्थापनास ठाऊक होते. १९६७ सालापासूनची तशी पत्रे दप्तरात सापडली. चाळीस वर्षे माहिती कपाटात आणि धूळ तुळईवर!

आता ही चाचणी करतात तरी कशी? वीस लिटरचा एक पोकळ पोलादी गोळा असतो. त्यातली हवा थोडी काढून घेतात, मग दाबाखालच्या हवेच्या झोताबरोबर मोजून घेतलेली धूळ आत फवारतात आणि निमिषभरात मध्यभागी ठेवलेल्या ठिणग्यांच्या पुड्या पेटवतात. आतला दाब किती चढला व किती वेगाने चढला याची नोंद यंत्र करते. दाब चढण्याच्या वेगावरून धुळीचे तीन वर्ग पाडलेले आहेत. निराळ्या उपकरणाने, ती धूळ पेटायला कमीत कमी केवढी ठिणगी लागते, तेही मोजतात. आणि घनमीटरभर हवेत निदान किती ग्रॅम धूळ असली म्हणजे आग धावू लागते, हाही आकडा काढतात. साखरेच्या बाबतीत तो मूठ दीड मूठ इतकाच निघतो.

साखरेची धूळ या तीन वर्गांपैकी पहिल्या, म्हणजे सर्वांत सौम्य वर्गात बसते. वाचून कोणास हायसे वाटेल. परंतु पोर्ट वेंटवर्थची धूळ याच सौम्य वर्गातली होती. वर्ग कशासाठी असतो? झडप केवढी ठेवायची, पत्रा किती जाडीचा घालायचा, हे इंजिनियरला ठरवता यावे यासाठी. झाडू मारायचा की नाही हे ठरवण्यासाठी नव्हे. एक मिलिमीटरहून कमी जाडीचा थरही मोठ्या मजल्यावर पसरलेला असेल तर तो धोक्याचा धरतात. आपल्या साखरगृहातील वरच्या तुळयांवर बोट फिरवून कोणी पाहिले आहे काय?

दुसरा पदार्थ गंधक. आपल्याकडे रस पांढरा करण्यासाठी गंधक जाळून त्याचा वायू रसात सोडतात, ते आपणा सर्वांस माहीत आहे. गंधक वितळवण्याच्या भट्टीशी काम करणारा माणूस धुराला भितो, डोळे चोळतो, पण कोरड्या भुकटीला भीत नाही. वास्तविक भुकटीच जास्त नाठाळ. साखरेच्या धुळीला पेटायला जेवढी ठिणगी लागते त्याहून पुष्कळच लहान ठिणगी गंधकाच्या भुकटीला पुरते. कोरड्या हवेत नायलॉनचा सदरा अंगातून काढताना जी चरचर होते ना, तसली ठिणगीसुद्धा. प्लॅस्टिकची गोणी झटकन पालथी करायची, लोखंडी फावडे फरशीवर खरखर ओढायचे, या आपल्या रोजच्या रीती. फावडे लाकडाचे किंवा पितळेचे का असावे, गोणी हळू का ओतावी, याचे उत्तर त्या प्रयोगशाळेच्या आकड्यात आहे. पण तो आकडा आपल्या भट्टीवाल्याला कधी कोणी सांगितला आहे असे आमच्या पाहण्यात नाही.

इथवर आपल्या घरचे झाले. आता घाट उतरू. आपल्या कित्येक सभासदांची मुले आज कर्जत-खालापूर भागात नोकरीस आहेत. (कर्जत म्हटले की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे नगरकडचे कर्जत येते. हे ते नव्हे. हे रायगडातले, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातले, बोरघाटाच्या पायथ्याचे, जेथे गाडीला घाट चढायला मागून जादा इंजिने लावतात ते.) उल्हास आणि पाताळगंगा या दोन नद्यांचा हा भाताचा मुलूख. ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या डोंगराच्या कुशीत, आणि खाली खोपोली, रसायनी, पाताळगंगा येथे कारखान्यांची रांग. रसायनी हे गावाचे नावच मुळी रसायनावरून पडलेले. तेथे सरकारी हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना होता. नायट्रोबेंझीन, ॲनिलीन अशी नायट्रोच्या घराण्यातली रसायने तेथे बनत. इस्रोच्या अग्निबाणांना लागणारे नायट्रोजन टेट्रॉक्साईडही तेथलेच. २०१७ साली केंद्र सरकारने तेथील बाकीचे विभाग बंद करण्याचे व तेवढा एक विभाग इस्रोकडे देण्याचे ठरवले.

तर या पट्ट्यात जी मुले ड्रम भरतात, रिॲक्टरच्या तोंडाशी उभी राहतात, त्यांच्या हातातल्या पदार्थांचीही अशीच चाचणी व्हावी लागते. तिची रीत जगभर जवळपास एकच आहे, संयुक्त राष्ट्रांच्या चाचणी-पुस्तिकेप्रमाणे. आधी काही मिलिग्रॅम पदार्थ एका इवल्याशा कुपीत घालून हळूहळू तापवतात व तो स्वतःची किती उष्णता बाहेर टाकतो हे पाहतात. ग्रॅममागे ५०० ज्यूलच्या खाली असेल तर स्फोटकाच्या पुढच्या परीक्षा सहसा लागत नाहीत. वर असेल तर मग खरी परीक्षा. चिमूटभर पदार्थावर वजन वरून सोडतात, पाच किलोचे, दहा किलोचे, आणि कितव्या उंचीवरून तो तडकतो ते पाहतात. चिनी मातीच्या खुंटीने तशाच तबकडीवर घासतात. पोलादी नळीत भरून, तोंडाला लहान भोकाची चकती लावून, गॅसच्या चार ज्योतींनी तापवतात. भोक एक मिलिमीटरपासून वीस मिलिमीटरपर्यंत बदलत जातात. मोठे भोक असूनही नळीच्या चिंध्या झाल्या तर तो पदार्थ किती दांडगा ते समजावे. शेजारी खरे स्फोटक उडवून दणका याला लागतो काय, हेही पाहतात.

या सगळ्यातून निघते काय, तर एक आकडा. वर्ग १ म्हणजे स्फोटक, त्याचेही सहा पोटभाग. वर्ग ३ पेटणारे द्रव. वर्ग ५ मध्ये दुसऱ्याला पेटायला मदत करणारे आणि सेंद्रिय पेरॉक्साईड. असे एकूण नऊ वर्ग. कोणाशेजारी कोणाला ठेवायचे, कोणते पिंप वापरायचे, ट्रकवर कोणती पाटी लावायची हे सारे त्या आकड्यावरून ठरते. आपल्या महाराष्ट्राला हे शास्त्र परके नाही. स्फोटकांचा परवाना देणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्य कार्यालय नागपुरास आहे, आणि स्फोटक पदार्थांवर संशोधन करणारी संरक्षण खात्याची मोठी प्रयोगशाळा पुण्यात.

पण येथेच मेख आहे. चाचणी होते ती दिलेल्या नमुन्याची. पदार्थ बदलला की कागद खोटा पडतो. नायट्रोसेल्युलोज घ्या. त्यात पाणी किंवा अल्कोहोल ठराविक प्रमाणात असेल तर तो नुसता पेटणारा घन पदार्थ, वर्ग ४. तो ओलावा उडाला की वर्ग १, सरळ स्फोटक. पिंपाचे झाकण नीट लागले नाही, पिंप उन्हात पडून राहिले, एवढ्याने वर्ग बदलतो, आणि पाटी मात्र जुनीच राहते. चीनमधील तिआनजिन बंदरात १२ ऑगस्ट २०१५ रोजी नेमके हेच झाले. सुकलेले नायट्रोसेल्युलोज आपोआप तापून पेटले, आग अमोनियम नायट्रेटपर्यंत गेली, आणि १६५ माणसे मेली, ८ बेपत्ता झाली. पेरॉक्साईडांचे तसेच, काही थंडाव्यात ठेवावी लागतात, काही पातळ करून. थंडावा गेला की वर्गबिर्ग सारे कागदावर.

हे सारे चीन-अमेरिकेत घडते असे समजू नये. कर्जत लोकल ज्या डोंबिवलीवरून जाते तेथील औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी मोठे स्फोट झाले. दुसऱ्या वेळी कारखाना पेरॉक्साईड हाताळणारा होता. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी रायगड जिल्ह्यातच महाडला एका रसायन कारखान्यात स्फोट होऊन ११ कामगार गेले. खुद्द खोपोलीजवळ २०२० च्या नोव्हेंबरात रात्री झालेल्या स्फोटातही माणसे दगावली. प्रत्येक ठिकाणचे कारण निराळे असेल, त्याचा निवाडा आम्ही करणार नाही. पण प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक वाक्य हटकून असते: आत नेमके काय होते ते शेजारच्या वस्तीला माहीत नव्हते.

का माहीत नव्हते? भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन असे कलम आले की, धोक्याच्या प्रक्रियेची माहिती मालकाने कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या जनतेलाही दिली पाहिजे. तत्त्व चांगले आहे. माहिती दिलीही जाते. सोळा विभागांचे इंग्रजी पत्रक, बारीक टायपात, फाइलीला लावून. वाडीवरून कंत्राटदाराच्या टेम्पोतून आलेल्या कातकरी पोराने ते वाचायचे! आमच्या मते ही माहिती दिली असे म्हणणे म्हणजे लग्नाचे आमंत्रण पेटीत ठेवून पाहुणे आले नाहीत म्हणून रुसण्यासारखे आहे.

पिंपावरची चित्रे तरी समजतात काय? लाल चौकटीत एक नुसती ज्वाळा असते आणि दुसऱ्या चित्रात गोलावर ज्वाळा. आम्ही ही दोन चित्रे आपल्याच गोदामातील चार-पाच जणांना दाखवली. "दोन्ही एकच, पेटतंय म्हणून," असे उत्तर आले. दोन्ही एक नव्हेत. पहिले स्वतः पेटणारे. दुसरे स्वतः कदाचित पेटणारही नाही, पण शेजारच्याला असे पेटवील की विझता विझणार नाही. चुलीतली फुंकणी जशी. दोघांना एका खोलीत ठेवू नये, एवढे एक वाक्य सोप्या मराठीत भिंतीवर रंगवायला किती खर्च येतो?

शेतकऱ्याचा प्रश्न वेगळा असतो: माझ्या गोदामातले खत फुटेल काय? युरिया नाही. निव्वळ अमोनियम नायट्रेटची गोष्ट वेगळी. ४५ टक्क्यांहून जास्त अमोनियम नायट्रेट असलेली मिश्रणे सरकारने २०११ साली स्फोटक म्हणून जाहीर केली व २०१२ साली त्यांचे स्वतंत्र नियम केले. रीतसर खत म्हणून विकला जाणारा माल त्या नियमांच्या बाहेर ठेवला. तरीही नायट्रेटच्या पोत्यांशेजारी डिझेलचा कॅन, गंधकाची गोणी वा भुसा ठेवू नये. फुंकणीचे चित्र आठवावे.

आणि इथेनॉल. साखर कारखान्यांच्या आसवनी प्रकल्पांतून टँकर भरून बाहेर पडतात, घाटमाथ्यावरून मुंबईकडे जाणारे बोरघाट उतरून खालापूरच्या हद्दीतून पुढे जातात. साधारण तेरा-चौदा अंश उष्णतेलाच इथेनॉलची वाफ ठिणगीने पेट घेते; म्हणजे महाराष्ट्रात बाराही महिने. १३ जून २०२३ रोजी द्रुतगती मार्गावर लोणावळ्याजवळ कुणे पुलावर ज्वालाग्राही रसायनाचा टँकर उलटून पेटला. जळते द्रव पुलाखालच्या रस्त्यावर सांडले, आणि मेलेल्या चौघांत खालून जाणारी माणसेही होती. त्यांना बिचाऱ्यांना वर काय चालले आहे याची गंधवार्ता नव्हती. टँकरच्या मागे चार आकडी क्रमांकाची पाटी असते. ११७० असेल तर इथेनॉल. टँकर पडला की पहिला फोन करणारा बहुधा घाटातला टपरीवाला नाहीतर गावातला तरुण असतो. त्याने तेवढा आकडा फोनवर सांगितला तरी अग्निशमन दलाला पाणी घ्यायचे की फेस, हे निघण्याआधी कळते. हा आकडा वाचायला शाळेत शिकवता येईल, बसथांब्यावर लिहिता येईल.

रिकाम्या पिंपांबद्दल एक शब्द. रसायनाच्या पट्ट्यातली पिंपे भंगारवाल्यांकडून फिरत फिरत खेड्यापाड्यांत येतात. कोणी पाण्याला वापरतो, कोणी गॅस कटरने तोंड कापून चाऱ्याला. भरलेल्या पिंपापेक्षा रिकामे पिंप कापणे जास्त वाईट, कारण तळाशी राहिलेल्या थेंबांची वाफ आत हवेशी मिसळून तयारच असते. आपल्या सभासदांनी हे काम कृपा करून घरी करू नये.

आता खर्चाचा मुद्दा. दरवेळी तोच येतो. आपण रिकव्हरी दशांशाच्या दुसऱ्या स्थानापर्यंत मोजतो, रसाचा ब्रिक्स तासातासाला घेतो. मळीची टाकी तापू लागली की रात्री दोन वाजता माणसे उठवून टाकीवर पाणी मारतो, कारण तिला थर्मामीटर आहे आणि तिच्यात पैसा आहे. मोजायची सवय आपल्याला नाही असे कोणी म्हणू नये. धुळीत पैसा दिसत नाही एवढेच. एकेकट्या कारखान्याला चाचणी महाग वाटत असेल, तर मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, राज्य साखर संघ आहे. निरनिराळ्या कारखान्यांतील साखरगृहाची धूळ आणि गंधकाची भुकटी एकदाच गोळा करून तपासावी, आकडे सर्वांना छापून द्यावेत. सहकार सहकार म्हणतो तो अशा कामासाठी नाही तर कशासाठी? आकडे उसन्या पुस्तकातून घेऊन भागते असेही म्हणतील. काही अंशी भागते. पण धूळ किती बारीक, किती कोरडी यावर आकडा हलतो, आणि आपली एस-३० ची धूळ जॉर्जियाच्या पुस्तकात नाही.

येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा अशी आमची सूचना आहे. आपल्याकडे पट्ट्यांना झाकणे घालण्याची, साखरगृह बंदिस्त करण्याची जी कामे पुढेमागे निघतील, त्यांच्या निविदेत धूळ ओढण्याची व दाब सोडण्याची सोय लिहिलेली आहे काय, हे संचालक मंडळाने आधी पाहावे. ज्या सभासदांची मुले-मुली खोपोली, रसायनी, पाताळगंगेकडे आहेत त्यांनी मुलांना एवढेच विचारावे की, तू हाताळतोस त्याचा वर्ग कोणता? उत्तर आले नाही तर ते मुलाने आपल्या सुपरवायझरला विचारावे.

आणि सभेपर्यंत थांबायचे कारण नाही असे एक काम आहे. हंगाम सुरू होण्याआधी साखरगृहातील तुळया, पाइप आणि दिव्यांच्या कोंड्यांवरची धूळ एकदा पुरती काढावी; हवेच्या नळीने फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने किंवा मऊ झाडूने हळू उतरवावी, वीज बंद करून. ती पोत्यात भरावी आणि किती किलो भरते ते पाहावे. वजनकाटा आपल्याकडे आहेच. आलेला आकडा पुढच्या अंकात छापण्यास आम्ही जागा राखून ठेवतो.